मोजणीच्या दिवसांतलं सुतक

माझा नवरा गेला तेव्हा मतदान होऊन गेलं होतं आणि मोजणी चालू होती. अमेरिकेतल्या आमच्या राज्यात बहुतेक लोक टपालानं मत पाठवतात. पाकिटावर मतदाराची सही असते, ती जुन्या सहीशी ताडून बघतात आणि मगच पाकीट उघडतात. त्यामुळे मोजणी रेंगाळते. त्या वर्षी निवडणूक होती ती राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याची. राज्यातल्या निवडणुका घ्यायच्या आणि सरकारी दप्तर सांभाळायचं, असं त्या पदाचं काम. आणि इथे त्या पदावरचा माणूसही पक्षाकडून उभा राहून निवडून येतो.

"म्हणजे अंपायरच बॅटिंगला उतरते म्हणा की, वहिनी," माझे दीर म्हणाले होते.

भावजी नागपूरचे. शाळेतून निवृत्त झालेले. भावाचं आजारपण कळल्यावर सहा महिन्यांचा व्हिसा घेऊन आले आणि मग राहिलेच. नोकरीत असताना त्यांना निवडणुकीची ड्युटी दर खेपेस लागायची. जंगलातल्या गावात पेट्या घेऊन जीपनं गेल्याच्या, पोलिसांच्या पहाऱ्यात वर्गातल्या बाकांवर झोपल्याच्या गोष्टी ते आम्हाला सांगत. माझी मुलगी पाकिटांवरच्या सह्या ताडणाऱ्या लोकांची प्रमुख आहे याचा त्यांना फार अभिमान होता. आपलं काम पुतणीनं पुढे चालवलं, असं काहीसं.

दोन उमेदवारांत फरक अगदी थोडा होता. रोज संध्याकाळी आकडे थोडे इकडे, थोडे तिकडे सरकत. मोजणीच्या इमारतीभोवती लोखंडी कुंपण घातलं होतं आणि कुंपणाबाहेर माणसं दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन उभी असत. नवरा हॉस्पिटलात असताना मी हे सगळं भिंतीवरच्या टीव्हीत आवाज बंद ठेवून बघत होते. मला ते फार लांबचं वाटत होतं.

मुलगी एकुलती. अग्नी तिनंच दिला, म्हणजे इथे बटण दाबायचं असतं, ते तिनं दाबलं. पुढचे दिवसही मीच करणार, असं ती म्हणाली. भावजी म्हणाले, "कर बेटा. तुझ्या बापाला आवडलं असतं."

चौथ्या दिवशी ती कामावर गेली. निघताना म्हणाली, "बाबांनीच हाकललं असतं मला, आई. मोजणी अर्धवट टाकून घरी बसले असते तर त्यांना ऑकवर्ड झालं असतं."

घरात चूल पेटत नव्हती. ओळखीपाळखीच्या बायका पाळी लावून पिठलं-भात आणून देत. त्यातलाच डबा मी तिला भरून दिला. तिची नेहमीची जेवणाची पिशवी हॉस्पिटलातच कुठेतरी राहिली होती, म्हणून हाताला लागली ती साडीच्या दुकानाची पिवळी कापडी पिशवी दिली. तिच्यावर दुकानाचं नाव ठळक देवनागरीत होतं.

कुंपणाबाहेरच्या कोणीतरी ती पिशवी टिपली. मोजणीच्या इमारतीत सकाळी जड पिशवी घेऊन जाणारी बाई, संध्याकाळी तीच पिशवी घेऊन बाहेर येणारी बाई. पिशवी संध्याकाळी हलकी दिसत होती. हे काय नेलं आत, असं त्या व्हिडिओखाली लिहिलेलं होतं. ही कुठली लिपी आहे, असंही. एकानं त्या अक्षरांचा अर्थही दिला होता, तो इथे लिहिण्यासारखा नाही. मुलीनं मला तो व्हिडिओ दाखवला तेव्हा ती हसत होती. मीही हसले असेन. दुसऱ्या दिवशी तिच्या ऑफिसच्या फोनवर जे निरोप आले ते तिनं मला ऐकवले नाहीत.

"पिशवी बदलू का?" मी विचारलं.

"नको. बदलली तर म्हणतील, लपवली."

ते दिवस मला नीट आठवत नाहीत आणि काही क्षण फार नीट आठवतात. मी सकाळी पुस्तक उघडून बसत असे आणि संध्याकाळी ते त्याच पानावर मिटत असे. फोटोपुढे दिवा होता, त्यात तेल घालायचं काम माझं. आमच्या गल्लीतली सगळी घरं मातकट रंगाची, एकसारखी, त्यांची दारं बंद. फक्त आमचं दार दिवसभर नुसतं लोटलेलं. भेटायला येणाऱ्यांनी घंटा वाजवू नये म्हणून. अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर नवऱ्याचा फोटो आणि घरचा पत्ता आम्हीच दिला होता. इथे राहणारी पुण्या-मुंबईची माणसं येत, त्याच्या कंपनीतली गोरी माणसं येत. शेजारच्या वृद्ध बाई चिकनची खीर म्हणावी असं काहीतरी घेऊन आल्या, भावजींनी ते हात जोडून घेतलं आणि गॅरेजमधल्या फ्रिजमध्ये ठेवलं.

अशा घरात येणाऱ्याला तुम्ही कोण, कसे आलात, हे विचारत नाहीत. तो येतो, बसतो, काही बोलतो किंवा बोलत नाही, आणि उठतो. जाताना 'येतो' म्हणत नाही आणि घरचेही 'या' म्हणत नाहीत. आम्ही लहानपणापासून हेच बघत आलो.

म्हणून तो माणूस दुपारी दार ढकलून आत आला तेव्हा आम्ही काही विचारलं नाही.

साठीचा असेल. इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. तुमच्या दुःखात सहभागी आहे, असं तो म्हणाला. भावजी उठले, त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन त्याला सोफ्यावर बसवलं. त्याच्या बुटांकडे माझं लक्ष गेलं तसे ते मराठीत म्हणाले, "राहू द्या वहिनी, त्यांच्यात चालते." मला वाटलं, कंपनीतला असेल. भावजींनाही तेच वाटलं असावं. ते त्याला भावाचं आजारपण सांगू लागले. त्यानं मान हलवली. फोटोकडे मात्र त्यानं एकदाही पाहिलं नाही. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, काही लोकांना बघवत नाही.

मग त्यानं मुलीबद्दल विचारलं. तिच्यावर फार ताण असेल ना या दिवसांत?

भावजी खुलले. कित्येक दिवसांत कोणी त्यांना त्यांच्या आवडीचा विषय दिला नव्हता. त्यांचं इंग्रजी शाळामास्तराचं, सावकाश आणि पूर्ण वाक्यांचं. आपण स्वतः मतदान केंद्राचे प्रमुख होतो, आपल्याकडे बंदूकवाले पोलीस सोबत असत, इथे माझी पुतणी एकटीच गाडी चालवत येते, असं त्यांनी सांगितलं.

"एकटीच?" तो म्हणाला.

"एकटीच. धीट आहे."

"अंधारात?"

"अंधार पडल्यावरच येते. गॅरेजमधून आत येते, मागच्या गल्लीनं. आधी अंघोळ, मग बापापुढे बसते." भावजींनी फोटोकडे हात केला. "मी तिला म्हणतो, थोडं खात जा. खात नाही."

"पण ती रोज एक पिशवी नेते," तो माणूस म्हणाला.

भावजी हसले. सुतकाच्या घरात हसतात तसं, खाली बघून. "ते पिठलं. डाळीच्या पिठाचं असतं."

"आणि ती पिशवी तिला कोण भरून देतं?"

"ह्या," भावजी म्हणाले.

तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. दुकानात वस्तू हातात घेऊन तिची किंमत शोधावी तसं. मला त्या वेळी बोलायला हवं होतं की आत जायला हवं होतं, हे अजून ठरवता येत नाही. मी पदर सारखा केला आणि बसून राहिले.

भावजींनी त्याला तेराव्याचं सांगितलं. रविवारी दुपारी सगळे जेवायला येतील, तिच्या हातून विधी व्हायचा आहे, तुम्हीही अवश्य या.

तो उठला. दारात टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाला, "मी परत येईन, मॅडम."

त्या दिवसांत आमच्या घरातून इतकी माणसं उठून गेली होती. हे वाक्य कोणीच म्हटलं नव्हतं. त्याला काय माहीत असणार, असं मी स्वतःला समजावलं. पण दार लोटताना माझा हात कडीवर गेला आणि मी ती लावली.

संध्याकाळी मुलगी आली. भावजी उत्साहानं सांगायला लागले, तुझ्या बाबांच्या ऑफिसातला एक फार सभ्य माणूस येऊन गेला, तुझी किती चौकशी करत होता. ती ओल्या केसांनी ऐकत होती.

"नाव काय त्याचं?"

"नाव कुठं विचारतात, बेटा, अशा वेळी?"

तिनं फोन काढला. दारावर तिनंच बसवलेला छोटा कॅमेरा होता, तो मी विसरूनच गेले होते. त्यात तो माणूस दिसला. आत येण्याआधी बराच वेळ तो ओसरीवर उभा होता. आमच्या चपला-बूट बघत होता, मग खाली वाकून त्यानं त्यांचा फोटो घेतला. घराच्या नंबराचाही घेतला. नंतर एका बोटानं दार ढकललं.

मुलगी म्हणाली, "हा कुंपणापाशी असतो. रोज."

भावजी म्हणाले, "असं कसं? फार नम्र होता ना तो."

"काका, तुम्ही त्याला काय काय सांगितलं? सगळं सांगा. मी रागावत नाहीये."

त्यांनी सगळं सांगितलं. गॅरेजचं त्यांनी दोनदा सांगितलं. रविवारचं आमंत्रण सांगताना ते थांबले, आणि ते मी सांगितलं.

पोलीस आले. तरुण अधिकारी होता, त्यानं दाराबाहेर बूट पुसले. दार उघडं होतं का? हो. तुम्ही त्याला बसायला सांगितलंत? हो. त्यानं काही धमकी दिली? नाही. त्याला पुन्हा बोलावलंत? भावजींनी होकाराची मान हलवली. अधिकाऱ्यानं वही मिटली. त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं. "मग कायद्याच्या दृष्टीनं तो तुमचा पाहुणा होता," तो म्हणाला. रविवारी गाडीची एखादी फेरी मारू, एवढं त्यानं कबूल केलं.

मुलगी बॅग भरत होती. मी दारात उभी राहिले.

"कुठे जातेस?"

"ते तुला नाही सांगणार, आई."

"मलाही नाही?"

"तुला कोणी नीट विचारलं तर तू सांगशील. तुला खोटं बोलता येत नाही, यार. काकांनाही येत नाही." भावजी मागे येऊन उभे होते. "माझ्यावर राग काढ," ते म्हणाले, "आईवर नको." तर ती म्हणाली, "राग नाहीये, काका. तुम्ही दोघं चांगले आहात, हाच प्रॉब्लेम आहे."

"आणि रविवार?"

कपड्यांच्या घड्या घालताना ती बापासारखीच बाह्या आत दुमडत होती. गाडी मैत्रिणीची आली. मी नंबर बघितला नाही.

रविवारी विधी भावजींनी केला. त्यांना मंत्र येत होते. गुरुजी व्हिडिओवर होते, सॅन होजेहून. 'मुलगी कुठे आहे,' असं त्यांनी विचारलं, तर भावजी म्हणाले, "कामावर आहे. सरकारी काम." माणसं येऊ लागली तसे भावजी पाटावरून उठले आणि दारात जाऊन उभे राहिले. प्रत्येकाला विचारू लागले, "आपण? आपलं नाव?" माझ्या नवऱ्याला दर आठवड्याला केमोला गाडीनं नेणारा त्याचा मित्र होता, त्यालाही त्यांनी अडवलं. तो माणूस दुखावला. बायकोकडे एकदा बघून भावजींना म्हणाला, "काका, विसरलात काय मला?" भावजी बाजूला झाले, पण त्याचे बूट काढून होईस्तोवर त्याच्याकडे बघत राहिले.

जेवणं झाली. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. दाराची कडी वाजली की वाढणारीचा हात थांबे. पोलिसांची गाडी एकदा सावकाश गेली. समोरच्या घरापुढे एक पांढरा ट्रक उभा होता, त्यात कोणी होतं की काचेवर उजेड होता ते इतक्या लांबून कळेना. शेजारच्या बाई म्हणाल्या, तो नळवाल्याचा आहे. असेलही. सगळे उठून गेले तेव्हा तिथे तो नव्हता.

तो माणूस आला नाही.

त्याच आठवड्यात मोजणी संपली आणि निकाल लागला. हरलेल्या उमेदवारानं तो मानला नाही. फरक इतका थोडा होता की कायद्यानंच फेरमोजणी करावी लागणार होती, म्हणजे तीच पाकिटं, तेच कुंपण आणि तिचा चेहरा पुन्हा टीव्हीवर. भावजींचा व्हिसा संपत आला होता. ते परतीच्या तिकिटाची तारीख पुढे ढकलता येते का ते बघत होते आणि मला तसं सांगत नव्हते.

ती रोज फोन करते. संध्याकाळी, मी भाजी निवडत असते तेव्हा. फोनवर नंबर दिसत नाही.

"कोण आलं होतं आज?" ती विचारते. मी सांगते.

"तो?"

"नाही."

"आला नाही हेही काही बरं नाही, आई," ती एकदा म्हणाली. तिच्या मागे कुठेतरी आगगाडीचा भोंगा वाजला, लांबलचक, आणि पाठोपाठ फाटकाची घंटा. या शहरात गाडी दोन-तीनच ठिकाणी रस्ता ओलांडते. त्यांतलं एक ठिकाण मला नीट माहीत आहे, तिथल्या वाचनालयात मी काही वर्षं काम केलं होतं. भोंगा थांबला की त्यामागे आणखी काहीतरी ऐकू येईल आणि मग ती कुठे आहे ते मला कळेल.

मी उठून नळ पूर्ण सोडला.

"कसला आवाज येतोय, आई?"

"पाण्याचा," मी म्हटलं. "तू बोल."