शेठ रडतो तो प्रवेश

गणपतीतल्या नाटकाचं लिखाण माझ्या गळ्यात पडलं, कारण मी शाळेत मराठी शिकवत होते. सिल्वासातल्या आमच्या मंडळात कोकणातून आलेले सरकारी नोकरदार होते, मसाटच्या कारखान्यांतली खानदेशी मंडळी होती, आणि नाटकातलं सगळ्यांनाच कळत होतं. लिहायला मात्र कोणी तयार नव्हतं. नव्वदच्या आसपासचे दिवस. टीव्हीवरच्या गुन्हेगारी मालिका बघून लोकांना तसलंच काहीतरी हवं होतं, म्हणून मी दारूचा एक तस्कर उभा केला. पलीकडे गुजरातेत दारूबंदी, तेव्हा धंदा काही शोधावा लागला नाही. त्याला सगळे नुसतं शेठ म्हणत. दुसऱ्या अंकात हा शेठ सख्ख्या भावाला ट्रकखाली ढकलतो आणि हात धुऊन जेवायला बसतो. शेवटी पोलीस न्यायला येतात, तेव्हाही आमटीत मीठ कमी पडलं म्हणून कुरकुरतो. तो शेवट मला फार आवडला होता.

माझ्या एकटीलाच.

आमच्याकडे पद्धत अशी की नाटक संपलं की नटांनी रंगलेल्या तोंडानेच समोरच्या गणपतीची आरती करायची, आणि तबक मुख्य नटाच्या हातात. अध्यक्षांनी नेमकं तेच धरलं. ‘‘बाई, पश्चात्ताप नाही, काही नाही, अशा माणसाच्या हातात आरतीचं तबक द्यायचं? मला नाही हो पटत.’’ अहो, तबक शेठ धरणार नाही, शेठचं काम करणारा धरणार! मी हे तीन तऱ्हांनी सांगितलं. समितीने मान डोलावली आणि ठराव केला की शेठ सुधारलाच पाहिजे.

त्यात शेठचं काम करणारा गडी स्वतः माझ्या मागे लागला. हा धुळ्याकडचा, सुताच्या कारखान्यात मशीनवर. मोठे डोळे, भरदार आवाज, काम फक्कड करायचा. त्याची बायको लेकराला घेऊन माहेरी जाऊन बसली होती. गणपतीला सासरा तिला घेऊन येणार होता. जावयाचं चालचलन बघायचं, मनात भरलं तर तिला इथे ठेवायचं, नाहीतर परत न्यायचं.

‘‘बाई, शेवटला मले रडू द्या ना. सासरा पुढेच बसेल. मी त्याले असा हलकट दिसलो तर काम तमाम व्हयी माझं.’’

‘‘ती गेली कशाला पण?’’

‘‘थोडी बोलाचाली. नवरा-बायकोत चालतंच ना, बाई.’’

मी कपाळावर हात मारला. माझ्या नाटकावर आता याचा संसारही टांगलेला!

शेवटी म्हटलं, ठीक आहे, रडू दे. पण मग नीट रडू दे. ज्याने भाऊ मारला त्याला दुःख व्हायचं तर ते भावाचं व्हायला हवं, विधवा भावजयीचं व्हायला हवं. नुसतं ‘मी पापी, मी नीच’ करत बसणं म्हणजे पुन्हा मी, मी आणि मीच. म्हणून मी भावजयीच्या तोंडी बोलणं लिहिलं: तो पाय धरायला वाकतो, ती मागे सरते आणि विचारते, तुझे डोळे पुसून झाले असतील तर माझ्या मुलांचं काय ते सांग. भावजय झालेली दवाखान्यातली नर्स ते इतकं थंडपणे म्हणायची की तालमीत शेठ पुढचं वाक्य विसरायचा.

ते बोलणंही गेलं. आरतीला उशीर होतो म्हणे. शेठचं रडणं मात्र लांबतच गेलं. तो गडी रोज घरून नवीन वाक्य घेऊन यायचा. भावजय उरली पाठमोरी उभी राहण्यापुरती. मी नाटकावरून माझं नाव काढा म्हणाले, तर अध्यक्ष म्हणाले, पत्रिका छापून झाली.

प्रयोगाच्या संध्याकाळी मी दुसऱ्या रांगेत बसले. माझ्या पुढ्यातच त्या गड्याचा सासरा, धोतर-टोपीतला साधा माणूस, आणि शेजारी मांडीवर लेकरू घेतलेली म्हाताऱ्याची लेक. नवऱ्याने भावाला ढकललं तेव्हा तिने लेकराचे डोळे झाकले. शेवटच्या प्रवेशात तो गुडघ्यांवर कोसळला, छाती बडवली, नाक लाल झालं, खरं पाणी वाहिलं. मंडपात हुंदके. अध्यक्ष माझ्याकडे वळून बघत होते. मला चीड आली, आणि त्याहून जास्त चीड आली ती माझाही पदर डोळ्यांकडे गेला म्हणून.

आरती झाली. तबक घेऊन तो थेट सासऱ्यापुढे आला, गालांवर रंगाचे ओघळ तसेच. म्हाताऱ्याने ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावले आणि लेकीला म्हणाला, ‘‘पोरी, मन साफ शे याचं. राहून जा.’’

तिने तबकाकडे हात नेला नाही. नवऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

‘‘आबा, हाई रडनं माले पाठ शे,’’ ती म्हणाली. ‘‘माले मारस, आन दुसरा दिन असाच रडस तो.’’

मग झोपलेलं लेकरू खांद्यावर टाकून ती चपला शोधू लागली.