इरफानची सुई आणि आडवा झालेला माणूस

एका लिफ्टवर बारा बिऱ्हाडं असली की किस्से गोळा करायला बाहेर जावं लागत नाही. तेच दारात येऊन बेल वाजवतात! दोन हजार सालानंतरची गोष्ट. कतारला, दोह्यात फरीज बिन ओमरान भागात राहायचो आम्ही. एकदा लिफ्टचं दार लागता लागता आतल्या बाईचा आवाज आला, "अगं, त्या इरफानने इंजेक्शन टोचलं आणि माणूस जागच्या जागी आडवा..."

दार बंद! लिफ्ट वर, मी खाली, आणि वाक्य मध्येच लटकलेलं.

इरफान आमच्या समोरच्या दारातला. रत्नागिरीकडचा, हॉस्पिटलात फार्मासिस्ट. म्हणजे गोळ्या देणारा. तो सुई कशाला हातात धरेल? तेव्हापासून माझा डोळा दाराच्या भिंगाला!

*

त्याच आठवड्यात ह्यांनी बनियन बदललं, तर डाव्या दंडावर बॉलपेनचा त्रिकोण!

"हे कुणी काढलं?"

"इरफानने. सुई नेमकी कुठे टोचायची, त्याची प्रॅक्टिस करतोय."

"आणि तुम्ही दंड पुढे केलात?"

"चहा पाजला ना त्याने!"

खालच्या मजल्यावर चौकशी केली. तिघींच्या नवऱ्यांच्या दंडावर त्रिकोण. एकाच्या तर दोन्ही दंडांवर! त्याने चहाबरोबर बिस्किटंही खाल्ली होती म्हणे.

*

म्हटलं, परीक्षाच घेऊ. गावाहून आणलेलं बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन घेऊन त्याच्या दारात उभी राहिले.

"एवढं टोचून दे रे."

"डॉक्टरांची चिठ्ठी?"

"चिठ्ठी कसली मागतोस? घरचीच बाई मी!"

"वहिनी, हॉस्पिटल आम्हा फार्मासिस्टांना सुई टोचायचं ट्रेनिंग देतंय. परीक्षा पास होऊन सर्टिफिकेट मिळेपर्यंत, सिस्टर शेजारी नसताना कुणाला सुई लावली तर लायसन्स जाईल. लायसन्स गेलं की व्हिसा गेला. मग मी, नसीमा, पोरगी... यल्ला, चलो रत्नागिरी!"

उत्तर चोख होतं. पण सरळ माणसाचं उत्तर इतकं चोख असतं का? मी आपलं लिफ्टमधलं आणि मनातलं बिल्डिंगमधल्या दोघींजवळ बोलून दाखवलं. दोघींजवळच हं!

*

परीक्षेसाठी दंड देणारी माणसं ज्याची त्याने आणायची होती. इरफानने ह्यांना आणि ह्यांच्या तीन ड्रायव्हर मित्रांना पटवलं. नियम असा, की टोचण्याआधी नाव आणि जन्मतारीख विचारायची, कागदाशी ताडून बघायची. यादी वाचून ट्रेनिंगवाल्या सिस्टरने त्याला बोलावून घेतलं.

"चारों का बर्थडे एक जून? लिस्ट नकली है क्या?"

आता त्या केरळच्या बाईला काय माहीत, की आमच्याकडे पोराला शाळेत घालताना तारीख मास्तर ठरवतात! इरफानने बिचाऱ्याने सगळं समजावलं. तरी तिने चष्म्यावरून बघत विचारलंच, "और आपका?"

"एक जून, सिस्टर."

*

मग एका दुपारी त्याची बायको, नसीमा, रडतच आली. "वहिनी, परीक्षा थांबवली हो! कुणीतरी हॉस्पिटलात सांगितलंय, इरफान घरी इंजेक्शनं देतो, माणूस पाडला त्याने. आता चौकशी लावलीय."

त्या दोघींपैकी एकीचा नवरा त्याच हॉस्पिटलात कामाला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं! ठेवणीतली साडी नेसले, ह्यांना पुढे घातलं आणि थेट सिस्टरची केबिन गाठली.

"सिस्टर, वो बात मैंने फैलायी. लिफ्ट में अधूरी सुनी थी."

सिस्टरने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. उठून दार लावलं.

"बात आधी तो सच है," ती म्हणाली.

ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी शिकणाऱ्यांनी एकमेकांना मिठाचं पाणी टोचायचं होतं. इरफानने टोचलं, अगदी नियमाने. टोचून घेणारा मजेत हसत होता. आडवे झाले ते शेजारी उभं राहून नियम समजावणारे मोठे डॉक्टर! सुई आत जाताना बघूनच!

"घरी त्याने कुणाला टोचलं नाही, एवढं लिहून द्या," असं सिस्टरने हिंदीत सांगितलं. मी वेड्यावाकड्या अक्षरात लिहून दिलं, ह्यांनीही खाली सही केली. परीक्षा रविवारी ठरली.

निघताना सिस्टर हळूच म्हणाली, "लेकिन डॉक्टरसाब की बात बाहर नहीं जानी चाहिए. सर्टिफिकेट पर साइन उन्हीं की है. आप किसी को बोलेंगी तो नहीं?"

"मैं? बिलकुल नहीं!"

मागे ह्यांना एकदम जोराचा ठसका लागला.