टेम्पोवाल्याला खुनी करू नकोस

“दिन्या, तुझ्या गोष्टीतला टेम्पोवाला खुनी हाय का?”

नलूताईचा फोन. ही माझी मावसबहीण. दातिवऱ्यात सासूसोबत राहते, बोंबील सुकवून विकते. नवरा आजारपणात गेला, त्याला बरीच वर्षं झाली.

“अजून ठरलं नाही,” मी म्हटलं.

“मग काय ते लवकर ठरव. हितं माझं लग्न अडकलंय.”

मी बोईसरला घरी बसून एका अ‍ॅपसाठी ऑडिओ मालिका लिहितो. लहानशा गावातलं प्रेम आणि त्यात एक रहस्य, असा आमचा माल. प्रत्येक एपिसोड ‘हुक’वर संपवायचा, म्हणजे ऐकणाऱ्याचा जीव टांगून ठेवायचा. या प्रकारात एक नियम पक्का असतो. नायिका ज्याच्यात गुंतलीय, त्याच्यावरच संशय गेला पाहिजे.

लोकांना हे का आवडतं? शहरात शेजारी कोण हेच माहीत नसतं, तिथे रहस्य कसलं? गावात कुणाच्या घरी कसलं कालवण शिजलं तेही कळतं. अशा ठिकाणी दोन माणसं काहीतरी लपवू पाहतात, त्यात खरी मजा.

आता कबुली. मी फार बोलत नाही, म्हणून नातेवाईक मला मनातलं सांगतात. या न बोलणाऱ्या माणसाचा ऐकलेलं विकणं हाच धंदा आहे, हे त्यांच्या लक्षात येत नाही. नलूताईनेही फक्त मला सांगितलं होतं. बर्फाचा टेम्पो घेऊन येणारा हरेश, सफाळ्याकडचा, विधुर. सासू घरी नसली की ताई बोंबील सुकवायच्या काठ्यांतली शेवटची काठी रिकामी ठेवायची. ती दिसली की हरेश चहाला थांबायचा.

मी ते सगळं उचललं. नावं बदलली, गाव बदललं, नायिकेच्या नवऱ्याला समुद्रात बुडवलं. काठी मात्र तशीच ठेवली. तिच्याहून चांगलं मला काही सुचेना. ताईला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही.

“आळीतल्या सगळ्या बायका ऐकतात,” ताई सांगत होती. “काठीचा एपिसोड झाला नि दुसऱ्या दिवशी बघते तर सगळ्यांच्या शेवटच्या काठ्या रिकाम्या! हरेश टेम्पो घेऊन मधोमध उभा. कुणाकडं चहा प्यावा, त्याला कळंना.”

मला हसू आलं आणि लाजही वाटली.

“हसू नको. सासूबाईंना अजून सांगायचं हाय. त्या रोज ऐकतात. तो खुनी निघाला तर मी कुठल्या तोंडानं सांगू?”

त्याच दुपारी केतकी मॅडमचा कॉल. आमच्या कंटेंट हेड. वयाने माझ्याहून बऱ्याच लहान.

“दिनेश सर, फायनल झालं. टेम्पोवालाच किलर. शॉकिंग होईल.”

“नको, मॅडम.”

“का? लिसनरला ट्विस्ट हवा असतो.”

“तिला भीती हवी असते. पण ज्याच्यावर जीव लावला तो शेवटी बरा निघायला हवा. नाहीतर ती पुढची मालिका ऐकणारच नाही.”

“याला डेटा काय?”

“माझी मावसबहीण,” मी म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं. नोकरीत इतकं सलग मी कधीच बोललो नव्हतो.

 मग मॅडम हळूच म्हणाल्या, “मग सर, त्यांचं जमलं का?”

“रविवारी शेवटचा एपिसोड आहे. त्यानंतर ताई सासूला विचारणार आहे.”

“म्हणजे तुम्ही मलाच हुक लावलात! ठीक आहे, करा त्याला निर्दोष. पण रविवारी लगेच फोन करा.”

मी खून मालिकेतल्या विमा एजंटच्या गळ्यात घातला.

रविवारी दातिवऱ्याला गेलो. ओट्यावर सासूबाई, मांडीवर मोबाइल, आवाज पूर्ण. ताई आत भाकऱ्या थापत होती. एकीकडे कान बाहेर, त्यामुळे एक करपलीच. टेम्पोवाला निर्दोष सुटला, एपिसोड संपला. ताई दारात आली. पिठाचे हात पदराला पुसत राहिली.

सासूबाईंनीच मोबाइल बाजूला ठेवला. “नलू, त्या हरेशला आत बोलव. कवापासून टेम्पोत बसलाय, शिजंल तिथं.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. मीच विचारलं, “मावशी, तुम्हाला माहीत होतं?”

“आमच्या दारात बर्फाच्या चार लाद्या उतरवायला त्याला अर्धा तास लागतो. मी काय आंधळी हाय?”

“मग एवढे दिवस जीव मुठीत धरून ऐकत कशाला होता?”

“मानूस बरा हाय, ते ठाव होतं रे. पन जरा घाबराया बरं वाटतं.”

माझ्या धंद्याचं इतकं नेमकं वर्णन कुठल्याच मीटिंगमध्ये कुणी केलं नव्हतं.

लग्न पालघरला नोंदणी पद्धतीने झालं. ताईने मला माफ केलं, पण करपलेली भाकरी त्या रविवारी माझ्याच ताटात वाढली. आमच्या सोसायटीतला विमा एजंट मात्र अजून मला ओळख दाखवत नाही.

मी एवढंच शिकलो. गोष्ट ज्याची, त्याला आधी विचारावं. आणि खुनी अशा धंद्यातला निवडावा, जो आपल्या जिन्यात राहत नाही.