शेवटच्या बाकावरची मुलगी

मूल्यांकन समिती येणार म्हणून आमच्या बी.एड. कॉलेजात महिनाभर शाळेतले सराव पाठ बंद होते. प्राचार्यांचा हुकूमच तसा. विद्यार्थी तक्ते रंगवायचे आणि आम्ही प्राध्यापक त्यांच्याकडून उत्तरं घोटून घ्यायचो. माझी तर झोपच उडाली होती. जिंतूरकडची एक मुलगी फार सरळ बोलायची, म्हणून समिती आली त्या दिवशी मी तिला मुद्दाम शेवटच्या बाकावर बसवलं. समितीतल्या मॅडमनी नेमकं तिलाच उठवलं.

“या वर्षी सगळ्यात जास्त सराव कशाचा झाला?”

“तुमी येणार त्याचा, मॅडम,” ती माझ्याकडे बोट दाखवत मनापासून म्हणाली. “तुमच्या जागी हे सर बसायचे. तुमच्यापेक्षा लय कडक होते.”