चिलटाच्या अंड्यातला राखणदार

आज शहाद्यात हवा गार आहे. ऊन पडलंय, पण कोवळं. अशा दिवशी किस्से आठवतात. पिकल्या केळ्यावर चिलटं कुठून जमतात, कोणाला कळलंय? किस्स्यांचंही तसंच!

मी शाळेत कधी गेलो नाही, पण कॉलेजात रोज जातो. तिथल्या मॅडम प्रयोगासाठी चिलटं पाळतात. त्यांचा स्वयंपाकी मी! मक्याचं पीठ, गूळ आणि केळं शिजवून बाटल्यांत ओतायचं.

पहिल्यांदा बाजारातली केळी नेली. दोन दिवसांत बाटल्या शांत! त्या केळ्यांना काय फासलं होतं, देव जाणे. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आबा, माणसं खातात ती केळी चिलटांना देऊ नका."

तेव्हापासून शेजारचा नथू आपल्या मळ्यातली केळी देतो.

*

दसऱ्याला मी मायक्रोस्कोपची पूजा केली. हत्यारच ना ते! फूल वाहिलं, वर काचेला कुंकवाचं बोट लावलं.

नथूची पोर उषा तिथंच एम.एस्सी. करते. तिनं डोळा लावला आणि ओरडली, "मॅडम, अंड्यात पहाट झाली!"

*

या उषाला पुढं शिकायला पुण्यात जागा मिळाली. याच अंड्यांवर काम करायचंय. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. नथू म्हणाला, "नही!"

"का रे?"

"आबा, चिलटंच देखाले जानं शे ना? मंग आपला घरमा कमी शेतस का?"

पोर दोन दिवस जेवली नाही नीट.

*

परवा मी तिला विचारलं, "अंड्याला कळतं कसं गं, डोकं कुठं आणि शेपूट कुठं?"

डोळे पुसून सांगू लागली. "आबा, अंड्याच्या टोकांना बाहेरून निरोप येतो. दारावर थाप पडते. मग तो हातोहात आत जातो. आत जीन असतो. त्याला त्याचं काम ठाऊक असतं, पण त्याच्यावर राखणदार बसलेला असतो. निरोप पोचला की राखणदार उठतो आणि जीन कामाला लागतो."

"आणि नाही उठला तर?"

"शेपटाकडचा भाग बनतच नाही. अळी अंड्यातच मरते."

*

काल केळी आणायला मळ्यात गेलो. नथू खाटेवर बसून राखण करत होता. मी त्याला सगळं सांगितलं. सावकाश. माझं बोलणंच तसं.

तो म्हणाला, "मंग राखनदार वाईट शे का?"

"नाही रे बाबा! जीन वेळेआधी जागा झाला तर सगळा घोळ. राखणदार लागतोच. फक्त निरोप आला की उठायचं."

नथूनं एक केळं सोललं. खाल्लं नाही. हातात धरून बसला.

आज सकाळी मी अंगणात बसलो होतो. नथू कुंपणापाशी आला, केळ्यांची फणी माझ्या हातात दिली आणि उषाच्या खिडकीकडं न बघता म्हणाला,

"आबा, तूच तिले सांगी दे. राखनदार उठी गया."