श्रावण ढोक्यांनी निवडलेला टॅब

श्रावण ढोके यांनी उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत नळाचे वॉल्व्ह फिरवण्यात त्यांची हयात गेली, आणि तेवढ्या बळावर ते स्वतःला पाण्यातले जाणकार समजत. कुणाच्या घरी पाणी का चढत नाही हे ते चहा पिता पिता सांगत, आणि बहुतेक वेळा ते खरंही निघे. त्यामुळे त्यांचं ऐकायची घराला सवय लागली होती. ही सवयच पुढे नडली.

त्यांचा मुलगा प्रतीक गोव्याकडे एका शिडाच्या बोटीवर कामाला होता. त्याच बोटीवरच्या, बोरगावच्या अंकुशनं त्याला तिथं चिकटवून दिलं होतं. पर्यटकांना फिरवायचं, शिडं ओढायची, मालक सांगेल तेव्हा बोट दुसऱ्या बंदरात नेऊन पोचवायची. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून पोळ्याला तो घरी आला. म्हणाला, बोटीवरचं वाट दाखवणारं यंत्र बिघडलंय, मालक काही मनावर घेत नाही, तेव्हा आपलाच एक टॅब घ्यावा म्हणतो. समुद्राचा नकाशा त्यावर उतरवून घेतला की खडक कुठं, खोल पाणी कुठं आणि बोट नेमकी कुठं, सगळं दिसतं. श्रावणराव लगेच चपला घालून तयार. पोराच्या जिवाची वस्तू आपण निवडायची नाही तर कुणी?

बापलेक सौंसरला दिलीपच्या मोबाइलच्या दुकानात गेले. तिथं दोन टॅब पसंतीला उतरले. एक लहान, सिम घालता येईल असा. दुसरा बिनसिमचा, पण पडदा ऐसपैस आणि लख्ख. प्रतीकचा ओढा लहानाकडे होता. बोटीवरची माणसं सिमवालेच घेतात, एवढंच तो म्हणाला. का घेतात, ते त्याला सांगता येईना. श्रावणराव हसले.

"समुद्रात टॉवर असते काय बे? मंग सिम कायले पाह्यजे? उन्हात दिसन असा मोठा घे."

दिलीपनंही मान डोलावली. मुद्दा बिनतोड होता, आणि ज्याच्या मुलखात समुद्र नाही त्यालाच सुचावा असा होता. प्रतीकनं मोठाच बांधून घेतला.

श्रावणराव डोळे झाकून वस्तू घेणाऱ्यांतले मात्र नव्हते. पाणी सोडून पाहिल्याशिवाय ते कुठलाही नळ दुरुस्त झाला म्हणत नसत. घरी येताच प्रतीकच्या मोबाइलचं नेट टॅबला जोडलं आणि दोघं जाम नदीच्या पुलावरून सावरगावला, श्रावणरावांच्या बायकोच्या, यमुनाबाईंच्या माहेरी निघाले. नकाशावरचा निळा ठिपका त्यांच्याबरोबर चालला. ते पुलावर, तर ठिपका पुलावर. मेव्हण्याच्या दारात पोचले, तर तोही दारात. श्रावणरावांनी टॅब मेव्हण्याला दाखवला, शेजाऱ्याला दाखवला. प्रतीकच्या खिशातला मोबाइल कुणाच्या ध्यानीमनी नव्हता.

हंगाम सुरू झाला. दर फोनला श्रावणराव टॅबची चौकशी करत, आणि प्रतीक म्हणे, "बेस चालून राह्यला, बाबा." मग पाण्याच्या टाकीपाशी, विहारात, चहाच्या टपरीवर ते ऐकवत की पोरगं समुद्रात आपल्या टॅबवर बोट हाकतं. लोक पाठीमागे हसत. हसू देत, बापाला तेवढं माफ असतं.

थंडीच्या दिवसांत बोट रत्नागिरीकडे नेताना खडकावर फुटली. बोटीवर प्रतीक आणि अंकुश, दोघंच होते. अंकुश वाचला.

प्रतीकच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंकुश आला, तो पोराची रबरी पिशवी घेऊन. ती किनाऱ्याला लागली होती. यमुनाबाईंनी कपडे एकेक करून बाहेर काढले. तळाशी, बनियनच्या घडीत टॅब होता, अगदी कोरडा. श्रावणरावांनी तो हातात घेतला. वाट दाखवायची वस्तू तळाशी कशी, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरू लागलं. त्यांनी अंकुशला विचारलं.

"चालत होता, काका," अंकुश म्हणाला. मग खाली बघत पुटपुटला, "त्याचा मोबाइल भिजला, अन् मंग काहीच दिसेना."

बोलून गेल्यावर त्याला आपली चूक उमगली. तो जेवायलासुद्धा थांबला नाही.

सकाळी श्रावणरावांनी टॅब चार्ज केला, आपल्या मोबाइलचं नेट जोडलं. ठिपका बरोबर घरावर आला. मग त्यांनी मोबाइल बंद करून चुलीपाशी ठेवला आणि नुसता टॅब घेऊन पुलाची वाट धरली. पुलाच्या मध्यावर थांबून पाहिलं. ठिपका घरावरच होता. त्यांनी टॅब वर धरला, पुसला, सावरगावच्या टोकापर्यंत जाऊन आले. ओळखीचे लोक जयभीम घालत होते, श्रावणरावांना ते ऐकू येत नव्हतं. ठिपका जागचा हलला नाही. उपग्रहावरून जागा ओळखणारा भाग सिमवाल्या टॅबमध्येच असतो; हा आजवर मोबाइलची जागा उसनी घेऊन दाखवत होता. आपणच आपल्या हातानं पोराला आंधळा करून समुद्रात धाडलं, असं त्यांना वाटलं.

घरी येऊन ते उंबऱ्यातच बसले. यमुनाबाई तांदूळ निवडत होत्या.

"त्याले ठाऊक असन, यमुना. पहिल्याच फेरीत समजलं असन. मले कायले सांगतलं नाही त्यानं?"

यमुनाबाईंचे हात थांबले.

"मले सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "बाबाले बोलू नोको म्हणे. त्यायनं हौसेनं निवडला, मी मोबाइलवर भागवतो."