शेजारच्या वाफ्यातला नवरदेव

सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये घरटी एकेक वाफा मिळाला, तेव्हा आनंदानं मला झोप येईना. हे मकरपुऱ्याला कारखान्यात, मुलं शाळेत, आणि मी चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. वाफ्यात कुणाशी बोलावं लागत नाही. मी लाल भोपळा लावला.

फाल्गुन लागला आणि प्लॉट नुसता वेडावला. कडुनिंबाला तांबूस पालवी, शेवगा फुलांनी पांढरा, कोथिंबीरसुद्धा फुलून बसली. माझा वेल शेजारच्या भाभीच्या वांग्यांवर चढला. भाभी गुजराती, दोघींच्या वाटचं एकटीच बोलणारी. म्हणाली, "बेन, तमारो वेलो तो मारे त्यां रहेवा आव्यो!"

पण फुलं ढीगभर येऊनही भोपळा धरेना. फुलामागची इवली गोळी पिवळी पडून गळायची. पादरा गावाहून दारावर भाजी आणणाऱ्या बाईला मी हळूच विचारलं. ती टोपली खाली ठेवून हसतच सुटली. "वर विना कन्या शुं करे? परणावो ने!" लग्न लावा म्हणे! मग तिनं समजावलं. लांब देठाचं फूल तो नवरा, मागे गोळी असलेली ती नवरी. उन्हं चढायच्या आत नवऱ्याच्या पाकळ्या काढायच्या आणि आतली पिवळी पूड नवरीच्या मधोमध अलगद टेकवायची. एरवी हे काम मधमाश्या करतात, पण आमच्या सगळ्या शेवग्यावर गेलेल्या.

दुसऱ्या सकाळी मी पहिलं लग्न लावलं. चार दिवसांत गोळी लिंबाएवढी झाली! पोळ्या लाटताना मला एकटीलाच हसू फुटायचं. हे विचारायचे, "काय झालं?" मी म्हणायची, "काही नाही." असलं काही ह्यांना कसं सांगणार!

मग मला नादच लागला. निम्म्या वाफ्यांत भोपळेच होते. कुठे नवरी उमललेली दिसली आणि नवरा नसला, की मी दुसऱ्या वेलावरून आणायची. बहुतेक सेक्रेटरी काकांच्या, कारण त्यांच्याकडे नवरे फार. काका ती फुलं भज्यांसाठी राखत होते, हे मला काय माहीत! त्यांनी सगळ्यांना जमवून बजावलं, दुसऱ्याच्या वाफ्यात जो हात घालेल त्याचा वाफा गेला. मी ठरवलं, आता फक्त पाणी घालायचं आणि घरी यायचं.

पण दुसऱ्याच दिवशी काकांच्या वेलावर एक नवरी अशी टपोरी उमललेली, आणि नेमका त्या दिवशी काकांकडे नवरा एकही नाही. माझ्याकडे होता. मी तो तोडला, काकांच्या वाफ्यात शिरले आणि वाकले.

"तो ए तमे छो!" मागे काका. फुलांचा चोर सापडला होता.

आवाज ऐकून भाभी आली. रावपुऱ्यात शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या मावशी आल्या. माझ्या हातात फूल. बोलले नाही तर वाफा जाणार, आणि बोलायचं तर सासऱ्यांच्या वयाच्या माणसासमोर नवरा-नवरीचं!

"अगं, बोल की," मावशी म्हणाल्या.

"काका," मी फुलाकडे बोट केलं, "तुमची मुलगी लग्नाची झालीय."

काका दचकले. "मारी दीकरी तो परणेली छे, बे छोकरांनी मा छे!"

मग मी सगळं सांगून टाकलं. भाजीवाली बाई, पूड, मधमाश्या, कुणाचा नवरा कुणाकडे दिला ते. वर्षभरात बोलले नसेन एवढं बोलले. भाभी हसता हसता कोथिंबिरीतच बसली.

मावशींनी माझा हात धरला. "थांब! अशीच कशी लावतेस? मंगलाष्टक नको?" आणि त्यांनी सूर लावला. कोथिंबिरीच्या पाकळ्यांच्या अक्षता पडल्या. काकांनी आडवं आलेलं पान मुकाट्यानं बाजूला धरलं, अंतरपाट दूर करावा तसं. मी नवरा टेकवला.

"आता उखाणा! नवरीच्या वतीनं तूच घे."

माझ्या लग्नातला उखाणा मलाही ऐकू गेला नव्हता. पण त्या सकाळी मला काय झालं कोण जाणे,

"पिवळा शालू नेसून बसले कधीची मांडवाखाली,
नवरदेव शेजारच्या वाफ्यातले, वरात उशिरा आली!"

"आणि नाव?" मावशी ओरडल्या.

"भोपळा!" मी त्यांच्याहून मोठ्यानं ओरडले.

हसणं थांबल्यावर भाभीनं काकांना विचारलं, वाफ्याचं काय? काकांनी डोळे पुसले. "क्यारो एमनो ज. पण मारी बीजी कन्याओनुं शुं?"

वाफा माझाच राहिला! आणि खरंच, काकांच्या वेलाच्या पानांखाली आणखी चार नवऱ्या निघाल्या. ऊन चढत होतं. भाभी माझ्या वेलाकडे धावली, मावशी पदर खोचून पानं उचलू लागल्या. घरी चहाची वेळ टळून गेल्यामुळे हे मला शोधत फाटकाशी येऊन उभे राहिले, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझा खणखणीत आवाज ऐकला.

"अगं भाभी, लवकर! मला अजून एक नवरा हवाय!"